सृष्टीच्या अंगातलं वारं

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. नळाला पाणी आले नाही. फुलाबाई नातीला घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली. भांडी स्वतः घासली.

गोदावरीबाईंनी दुपारी वहीत एवढंच लिहिलं. तेव्हा त्यांची कामवाली फुलाबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती. उमर वळसंगच्या माळावर मेंढरांमागं गेली, म्हातारपण सोलापुरात लोकांच्या भांड्यांत. लेक गेल्यावर पदरात आलेली सृष्टी आता दहावीत होती. ढोलावर अवचित टिपरू पडलं की पोर मटकन खाली पडायची. गाव म्हणायचं, बिरुदेवाचं वारं आलं. बायका तिला भंडारा लावून पाया पडायच्या. जत्रेत तिला मुद्दाम ढोलापुढं उभी करायचे.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या पेशीच्या पडद्याला पोटॅशियमची बारीक दारं असतात. ठोक्याबरोबर विजेचा दाब बदलतो, त्या दाबानं ती उघडतात. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी विसावते, मगच पुढच्या ठोक्याला तयार होते. हिची दारं नीट उघडत नाहीत, विसावा लांबतो. त्यात दचकवणारा आवाज झाला की ठोके भरकटतात."

"म्हंजे फाटक अडकलंय, आन् मेंढरं आतच?"

"तसंच. गोळ्या देतो. पण आवाजापासून जपा. एखाद्या वेळी ती उठायची नाही."

फुलाबाईची लेक ढोलापुढंच गेली होती. देवानं नेली, म्हणाले होते सगळे.

घरी पोचते तोवर देवाचा पुजारी असलेल्या धाकट्या दिराचा, बिभीषणचा फोन.

"वयनी, शनवारी जत्रा. पोरीला आणा."

"न्हाय आणत."

"देवाला न्हाय म्हंता? शेरात ऱ्हाऊन लई शानं झालाय की!"

"देवाला न्हाय, ढोलाला म्हंते."

"देव कोपला मंजे?"

"माज्यावर कोपू दे. मी दमलीया, बिभीषणा. आनकी एक मढं उचलायची ताकद न्हाय माज्यात."

"मग मीच येतो न्यायला," म्हणून त्यानं फोन ठेवला.

सृष्टी हिरमुसली. "आज्जे, तितं समदी माज्या पाया पडत्यात की."

"हितं तू माज्या पड, आन् कापडं भर."

दिवेलागणीला दोघी गोदावरीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, जत्रा हुईस्तवर पोरगी तुमच्यात ऱ्हाऊ दे. आवाजानं दचकली तर जिवावर बेतंल, डाक्टर म्हंत्यात. हितं त्यो यायचा न्हाय." एवढं बोलून फुलाबाई उंबऱ्यातच टेकली.

त्या संध्याकाळी बाईंनी वहीत आणखी एक ओळ लिहिली: दाराची बेल काढून ठेवली, दूधवाल्याला हळू हाक मारायला सांगितले.