स्लाऊच्या ऑफिसातलं मोकळं शेल्फ

"रिकामा? अगं, रिकामा दिलास?"

"स्वच्छ धुऊन दिला, काकू. टिश्यूमध्ये गुंडाळून."

"वर धुऊन! म्हणजे मी घासूनपुसून संबंध संपवला, असंच वाटणार तिला."

"डब्यात संबंध असतो?" वैभवीनं खरंच विचारलं, टोमणा नव्हता. पण सुनेत्राकाकूंना तो टोमण्यासारखाच लागला.

लंडनजवळच्या स्लाऊमधलं त्यांचं पेरोलचं, म्हणजे कंपन्यांच्या पगारांचे हिशेब करणारं ऑफिस त्या सकाळी ओळखू येत नव्हतं. काकू आठवडाभर मुलीकडे लीड्सला काय गेल्या, भिंती फिक्या राखाडी झाल्या होत्या. टेबलांवर लॅपटॉप आणि दिवा, बस्स. वायरी कुठे गेल्या, देव जाणे. खिडकीशेजारी वर्षानुवर्षं स्टीलच्या डब्यांची रांग असायची, तिथे आता नुसता उजेड पडला होता.

वैभवी मेडनहेडची, जन्मानं इथलीच. पसारा काढून ऑफिसं मोकळी करून देणं हा तिचा धंदा; हे काम काकूंनीच तिला दिलं होतं. तिच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये एक सोफा आणि एक झाड. आई म्हणते, "तुझ्याकडे आलं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. आता नाव पुकारतील!"

काम घेतलं की ती लगेच काही हलवत नाही. कोपऱ्यात स्टूल टाकून माणसं बघते. कोण कुठे अडखळतं, प्रिंटरकडे जाताना कोण कुणाला वळसा घालतं, कुठला खण कुणीच उघडत नाही. मग एकेक वस्तू उचलून विचारते, "ही इथे कशाला थांबलीये?" उत्तर मिळालं तर वस्तू राहते. नाही मिळालं तर तिच्या माणसाकडे ती स्वतः गाडीनं पोचवते. टाकत काही नाही, आणि याचा तिला फार अभिमान.

डब्यांच्या बुडाशी कोरलेली नावं बघून तर ती हरखलीच. "भांड्यावर नाव? किती क्यूट! प्रत्येकाला मालक आहे!" तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या रघुवीरनं नावं वाचून दाखवली, पत्तेही दिले.

काकू आता त्याच्याकडे वळल्या. "आणि तू रे? तुला अक्कल नव्हती?"

"मला वाटलं, चिमूटभर साखर तरी घालेल," रघुवीर पुटपुटला. "आपलीच मुलगी ना!"

"साखर कशाला?" वैभवी.

"रिकामा डबा परत देत नाहीत, बाई. काहीतरी घालून द्यायचं," रघुवीर म्हणाला.

"मग सगळे डबे इथे का पडले होते?"

"त्यात घालायला काही करून आणायला वेळ कुणाला आहे?"

वैभवीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तुमचा स्टोरेज प्रॉब्लेम तो आहे!"

"बाकीचे डबे गेले खड्ड्यात," काकू म्हणाल्या. "आसावरीचा तीन पुडांचा न्यायला नको होता."

आसावरी त्यांची पूर्वीची भागीदार. दोघींनी मिळून ऑफिस उघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी भांडण झालं आणि ती मेडनहेडला जाऊन वेगळी झाली. त्या भांडणाच्या आदल्याच दिवशी तिनं त्या डब्यातून अळूवड्या आणल्या होत्या.

"दोन वर्षांत काहीच नाही घातलं?" वैभवीनं विचारलं.

"काय घालणार? चिवडा दिला तर म्हणेल, हिनं सगळं हलक्यात घेतलं. गुळाच्या पोळ्या केल्या, तर मी माफी मागितली असं होणार. मी का मागू? निदान डबा इथे होता, तोवर..." काकू थांबल्या. "बोलली काही?"

"आधी झाकण उघडलं त्यांनी. मग तिन्ही भांडी वेगळी करून बघितली. मला वाटलं, डाग वगैरे शोधतायत."

"आणि?"

"म्हणाल्या, सुनेत्रानं काही सांगितलंय का?"

रघुवीरनं हातातला मग खाली ठेवला.

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नाही, आम्ही फक्त शेल्फ मोकळं करतोय."

काकू खुर्चीत बसल्या. नवी खुर्ची, आवाज न करणारी.

"त्या दारातच उभ्या होत्या," वैभवी हळूच म्हणाली. "माझी गाडी वळेपर्यंत. काकू, तुम्हाला खरंच काही सांगायचं होतं का त्यांना?"

काकू उठल्या. खुंटीवरचा कोट ओढला, एका बाहीत हात घालत दाराकडे निघाल्या.

"काकू? मी सोडू का मेडनहेडला?"

दुसरी बाही तशीच लोंबत असताना त्या जिना उतरून गेल्या.