वेष्टन न काढणारे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान निवृत्त फिटर आहेत. एकतीस वर्षे त्यांनी कारखान्यातले पंप उघडले आणि मिटले. जोडणी झाल्यावर हातात एकही नट उरला नाही, हे त्यांचे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकले आहे. दुर्दैवाने ते खरे आहे.

त्यांचे दुसरे कर्तृत्व म्हणजे जपणूक. घरातला सोफा अकरा वर्षांचा झाला, तरी आलेल्या दिवसाचे प्लास्टिक त्याच्या अंगावरून उतरलेले नाही; बसताना तो चरचरतो आणि उठताना आपल्याला सोडत नाही. रिमोट पिशवीत, पिशवीला रबरबँड. फ्रिजच्या दारावरचा निळा पापुद्रा कडेला सुटला, तेव्हा भाऊजींनी तो चिकटपट्टी लावून पूर्वपदावर आणला. वापरल्याने वस्तू जुनी होते, हे तत्त्व त्यांनी इतक्या निष्ठेने पाळले आहे, की त्या घरात सारे काही नवे आहे आणि उपभोगलेले काहीच नाही.

ताईचा संगणक तेवढा जुना. वीस वर्षे तिने इतरांनी जुळवलेल्या पुस्तकांची मुद्रिते तपासली. यंदा प्रथमच एका पुस्तकाची संपूर्ण जुळणी तिच्याकडे आली. चाळीस पाने उरली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची मुदत होती. ती चुकली तर पुढची कामे दुसरीकडे जातील, हे छापखानेवाल्यांनी अत्यंत गोड शब्दांत कळवले होते. नेमका त्याच सकाळी संगणक दर वीस मिनिटांनी तापून बंद पडू लागला.

संगणक दुकानात नेला, तर दुकानदार म्हणाला, "प्रोसेसरवरचा कूलर गेलाय. ठेवून जा, चार दिवसांनी बघतो."

"चार दिवस?" भाऊजी उखडले. "अहो, तेवढ्यात मी अख्खा पंप उतरवून चढवायचो! नवा कूलर द्या इकडे. आणि ती पेस्टही."

विजेरी धरण्यासाठी मला पाचारण करण्यात आले. माझ्या पदव्युत्तर शिक्षणाचा इतका थेट उपयोग कुटुंबाला प्रथमच होत होता.

काम देखणे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. भाऊजींनी जुना कूलर सोडवला, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी, पण आता खडूसारखी वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली, त्यावर नवा कूलर टेकवला आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळले.

"मेहुणेबुवा, विजेरी धरलीय की साप? उजेड केवढा हलतोय!"

"तासभर उभा आहे, भाऊजी."

"आम्ही पाळीभर उभे असायचो."

संगणक सुरू झाला. ताईने एक पान लावले. दुसऱ्या पानाला पडदा काळा झाला. वीस मिनिटांवरून चार मिनिटांवर. तज्ज्ञाचा हात फिरला की फरक पडतोच.

"कूलरच खोटा दिलाय लेकाने," भाऊजींनी निकाल दिला.

ताईने स्क्रूड्रायव्हर घेतला, कूलर सोडवला आणि उलटा केला. तांब्याच्या तळाला पारदर्शक पापुद्रा चिकटलेला होता. पेस्टने माखलेल्या त्या पापुद्र्यावर लाल अक्षरे होती: 'बसवण्यापूर्वी काढा.'

"अहो, हे काय?"

"प्लास्टिक आहे ते."

"ते दिसतंय मला. काढलं का नाही?"

"नवीन आहे ना गं. तांब्यावर चरे पडले असते."

ती अक्षरे विजेरीच्या उजेडात मीही वाचली होती. पण त्या घरात असल्या सूचना पाळायच्या नसतात, हे मला इतक्या वर्षांत पाठ झाले होते.

भाऊजींनी पापुद्रा सोलला, सारे पुसले आणि नव्याने पेस्ट लावून कूलर बसवला. या वेळी पंपांची आठवण निघाली नाही. संगणक पुन्हा बंद पडला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ताई पाने पोहोचवून आली आणि चपला काढण्याआधी कात्री घेऊन सोफ्याकडे वळली.

"अगं, डाग पडतील!"

"पडू देत. बसा."

परक्याच्या घरी बसावे तसे भाऊजी कडेला टेकले. हळूच कापडावरून हात फिरवला.

"मऊ आहे गं हा."

"अकरा वर्षं झाली त्याला."

थोड्या वेळाने उठून भाऊजींनी कापलेल्या प्लास्टिकची नीट घडी घातली आणि ती खराब होऊ नये म्हणून एका पिशवीत ठेवली.