ओट्याखालचा कोपरा

आमच्या तरसालीच्या घरात ओटा काटकोनात वळतो, आणि त्या वळणाखाली एक अंधारा कोपरा आहे. खाली बसून खांद्यापर्यंत हात घातल्याशिवाय तिथलं काही हाती लागत नसे. सासूबाईंचा सगळा साठा तिथेच. पुढे चणाडाळ, तिच्यामागे तांदूळ आणि अगदी आत वर्षाच्या तूरडाळीचा पत्र्याचा डबा. बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे त्या दर उन्हाळ्यात तुरीला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवत. त्याने कीड लागत नाही. मला मात्र तो वास कधी सोसला नाही.

मी शाळेत शिकवते आणि पसाऱ्याशी माझं हाडवैर आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत सुतार बोलावून मी त्या कोपऱ्यात फिरती ट्रॉली बसवून घेतली. जरा ओढली की आतलं सगळं बाहेर. जुने डबे भंगारात दिले, एकसारख्या बरण्या आणल्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली. वर्षाची डाळ भरणंही बंद केलं, दर महिन्याला दिवेल न लावलेली कोरी डाळ पाकिटातून आणायची. सासूबाई दाराशी उभ्या होत्या.

"माझे डबे राहू दिले असतेस तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या.

"आई, आता तुम्हाला वाकावं लागणार नाही," मी म्हटलं. जुन्या माणसांना काही बदललेलं खपत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर स्वयंपाकघर आता माझं झालं याचा मला आनंद झाला होता.

त्यानंतर त्यांच्या हातून चुका व्हायला लागल्या. चहात मीठ पडलं, पोह्यांत हळदीऐवजी धनेपूड. मुद्दाम करतात, असं मला वाटायचं. एकदा बरणी उघडून नाकाशी धरून उभ्या होत्या. "वास कशाला घेताय? चिठ्ठी लावलीय ना," मी फटकन बोलले. त्यांनी बरणी खाली ठेवली.

होळीला त्यांनी पुरणपोळी केली. पुरण चणाडाळीचंच हवं, यावर त्यांचा केवढा कटाक्ष. शेजारची गुजराती मंडळी तुरीच्या डाळीची वेढमी करतात, तिला त्या चाळीस वर्षं नाकं मुरडत आल्या. त्या दिवशी पहिला घास घेतला आणि कळलं, पुरण तुरीचं होतं.

"आई, शेवटी तुम्हीसुद्धा वेढमी केलीत की," मी म्हटलं. नवरा हसला. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हटलं, या वर्षी बदल," म्हणत त्याही हसल्या. त्यांच्या पानातली पोळी तशीच राहिली.

पंधरा दिवसांनी त्या दारातल्या चपलांना अडखळून पडल्या, तेव्हा कुठे मला शंका आली. सयाजीगंजला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासता तपासता विचारलं, "बा, केटला वखतथी नथी देखातुं?"

"त्रण वरस," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

तीन वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं, आणि मी त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहीत होते. रक्तातल्या साखरेने डोळ्यांचे पडदे गेले होते, बोटांची टोकंही बधिर झाली होती. वेळेवर आणलं असतं तर एक डोळा तरी वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

"सांगितलं का नाहीत?" रिक्षात मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला गॅसजवळ उभं राहू दिलं नसतंत. माझ्या हाताला जागा पाठ होत्या. दिवेलाचा वास आला की ती तूर."

मला माझीच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी मी ट्रॉली काढून टाकली, पत्र्याचे डबे आणले आणि जमिनीवर बसून विचारलं, "आई, सांगा, कुठे काय ठेवू?"

"तुला हवं तसं ठेव. आता माझ्याच्याने पुन्हा पाठ होणार नाही."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. दिवसभर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असतात. तहान लागली तरी हाक मारत नाहीत. माझी पावलं वाजेपर्यंत थांबतात आणि मग, परक्या घरी आल्यासारखं विचारतात, "तुला वेळ असेल तर थोडं पाणी देतेस का?"