मामा मागायला मी गेले होते

या गं, अशा जवळ सरका. आरती आटोपली की चपला शोधायची एवढी काय घाई असते तुम्हाला? कुणाचा कुकर लागायचा असतो, कुणाची बस सुटत असते, अन् सांगणारीच्या पोटातली गोष्ट पोटातच राहते. आज बसा. मला नीट मांडून सांगता येत नाही, शाळाही सातवीतच सुटली, पण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडून नाही राहिलं.

आमची नात आठ महिन्यांची झाली तरी तिच्या तोंडात अन्नाचा कण गेला नव्हता. तो दोष माझाच. आमच्या घरची रीत अशी, की उष्टावण मामाच्या हातानं व्हायचं. मामानं पहिला घास भरवला की मगच बाकीचं. अन् केतकीचा, म्हणजे माझ्या सुनेचा एकुलता एक भाऊ दुबईला. त्याची सुट्टी एकदा रद्द झाली, दुसऱ्यांदा झाली. मी म्हटलं, थांबू. आईचं दूध आहे ना.

अंगणवाडीची दीदी दोनदा येऊन सांगून गेली, की सहा महिने झाले, आता नुसत्या दुधानं भागत नाही. वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. पोट्टी आमच्या ताटांकडे टक लावून बघायची, हात पुढे करायची. केतकीनं एकदा हळूच विचारलं, "आई, थोडं वरणाचं पाणी देऊ का?" मी म्हटलं, तीन पोरं वाढवली मी, मले नको शिकवू. मुलाला विचारलं तर तो मोबाईलमधून डोकं वर न काढता हिंदीत म्हणाला, मम्मी जो बोले वही. झालं. केतकीनं हातातली वाटी परत ठेवली. ती शिकलेली पोरगी, लग्नाआधी बँकेत होती, पण आमच्या या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघरात तिच्या लेकराच्या तोंडात काय जावं हे मी ठरवत होते. नातीच्या मांड्यांची कातडी सैल पडलेली मला दिसत होती, बरं का. दिसूनही मी देवालाच दोष देत होते, की एवढी पूजा करते मी, अन् तुला एका माणसाची सुट्टी मंजूर करता येत नाही?

शेवटी नवस बोलायला चंदखुरीला गेलो, कौशल्यामातेच्या देवळात. तळ्याच्या मधात देऊळ, अन् आत मांडीवर लहानगा राम घेऊन बसलेली आई. मी हात जोडून एकच मागितलं, की बाई, हिचा मामा पाठव.

दर्शन घेऊन तळ्याकाठी डबा उघडला. केतकी वरण-भात कालवत होती, तर पोट्टीनं ताटावर झडप घातली. मी तिला ओढून घेतलं. असं रडली, असं रडली, की शेजारी जेवत असलेले एक म्हातारे उठून आले. गळ्यात गमछा, पायाला शेताची माती. लेकरू काहून रडून राहिलं, विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात आमची रीत सांगितली, मामा यायचा आहे म्हणून.

म्हातारे हसले. म्हणाले, "इहाँ के हमन सब्बो झन मामा आन, दाई." म्हणजे इथले आम्ही सगळेच मामा. कौशल्या या मातीची लेक, म्हणून राम साऱ्या छत्तीसगडचा भाचा. इथे भाच्याच्या पाया पडतात हे मी जन्मभर बघत आले, पण त्यांनी खाली वाकून आमच्या पोरीच्या इवल्या पायांना हात लावून तो कपाळाला टेकवला, तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मीच म्हटलं, मग भरवा भैया, तुम्हीच भरवा.

त्यांनी हात धुतले. पण घास घेतला नाही. माझ्याकडे पाठ करून ते केतकीपुढे उकिडवे बसले अन् विचारलं, "बता बेटी, खवा दँव?" सांग, भरवू का?

केतकीनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

"ओला झन देख, बेटी. महतारी तो तैं अस."

तिच्याकडे नको बघू, आई तू आहेस. एवढंच. रागानं नाही, अगदी मायेनं. आठ महिन्यांत त्या पोरीला हे कुणी विचारलंच नव्हतं. केतकीचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत निघाला. "हो मामा, भरवा. थांबा, आधी मऊ करून देते." तिनं भात बोटांनी लोण्यासारखा कुस्करला, वरून तूप घातलं अन् बोरापेक्षाही लहान गोळा त्यांच्या बोटावर ठेवला. नातीनं तो चाटला, तोंड वेडंवाकडं केलं, अन् मग त्यांचं बोटच धरून ठेवलं. आम्ही सगळे हसून राहिलो अन् रडूनही राहिलो. नाव विचारायचं सुचेपर्यंत ते गावकऱ्यांबरोबर ट्रॅक्टरवर चढले होते. ते कोण होते, कुणी पाठवले, यावर मी वाद घालणार नाही. मी मामा मागितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच केतकीला विचारलं, आज काय द्यायचं हिला? तिनं सांगितलं, मुगाची घट्ट खिचडी, पिकलेली पपई, अन् अंडं. अंडं! आमच्या घरात! पण तोंडातून निघालं, हव, दे. वेगळं भांडं आणलं तिनं, अन् मी देवघराचं दार लोटून घेतलं, बस. आता ती आमच्याबरोबरच गरम गरम जेवते, मागून उरलंसुरलं नाही. मुलगाही काही विचारलं की म्हणतो, केतकी से पूछो. अन् काटा हलला बरं का, अंगणवाडीची दीदी दोनदा बघून खात्री करत होती!

देवापुढे डोकं ठेवणं मला कधीच जड गेलं नाही. आपलंच खरं हा हट्ट खाली ठेवणं जड गेलं. तोही मी कुठे ठेवला, तळ्यातल्या त्या माउलीनं अलगद काढून घेतला.

तर या एकदा घरी, लवकर या. नात आता बसून आपल्या हातानं खाते, अर्धं नाकाला लावते, बघायला या. येण्याआधी फोन मात्र केतकीला करा. जेवायला काय करायचं ते आता तीच ठरवते.