चष्मेवाल्याचं पिवळं फडकं

गल्लीत त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, आणि चष्मेवाल्याचा उपदेश एकच होता: काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरेपर्यंत तो हे तीनदा ऐकवायचा. गेली एकतीस वर्षं मऊ पिवळं फडकं त्याच्या खिशात असायचंच. बायको म्हणायची, "तुम्ही झोपेतसुद्धा काहीतरी पुसत असता."

त्याच्या पन्नाशीला ताईने दुर्बीण पाठवली. ताई म्हणजे थोरली बहीण, निवृत्त नर्स. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. शनीला कडं असतं हेही तिनेच सांगितलेलं. मग दोघं पुठ्ठ्याच्या नळीतून मान मोडेस्तोवर ते शोधत बसायची. "नळीला काच नाही ना, म्हणून दिसत नाही," असा निकाल ताईने दिला होता. आपण काचांच्या धंद्यात पडलो ते त्यामुळेच, असं तो गिऱ्हाइकांना रंगवून सांगे.

दुर्बीण साधीच, शिकाऊ माणसाची. आखूड जाड नळी, तळाशी बशीएवढा आरसा, खाली तिवई. पण जपणूक अशी, की घरच्यांना हेवा वाटावा. दर रविवारी उजेडात, लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखून तो नळीवरची छोटी शोधक दुर्बीण जुळवायचा. बघायच्या आधी तासभर नळी गच्चीवर गार व्हायला ठेवायचा. आणि दर आठवड्याला आरसा काढून त्यावर 'हाः' करून पिवळ्या फडक्याने लख्ख पुसायचा. माहितीपत्रक मात्र त्याने वाचलं नव्हतं. काचेबद्दल आपल्याला कोण शिकवणार? त्याची घडी करून त्याने तिवईच्या डुगडुगत्या पायाखाली सारली होती.

ताई दोन दिवसांसाठी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "माझं कडं कुठंय?" संध्याकाळी तिवई हलवताना ती घडी त्याच्या हाती लागली, आणि सहज वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. या आरशाचा चमकदार लेप काचेच्या मागे नसतो, पुढे उघडा असतो. पुसू नये. फार तर धूळ फुंकणीने उडवावी. त्याने नळीत बॅटरी मारली. आरशावर बारीक रेघांचं जाळं चमकलं.

"आता?" बायको म्हणाली.

"आता काय! आयुष्यभर लोकांना शहाणपण शिकवलं, आणि स्वतः..." ताईने एवढ्या हौसेने दिलेली वस्तू, तिनेच वाढवलेल्या हातांनी घासून घालवली होती. तिला आज कडं दिसलं नाही तर तोंड कसं दाखवायचं?

दिवेलागणीनंतर शनी वर आला. चष्मेवाल्याने तो दुर्बिणीत जुळवला आणि पुन्हा न बघताच बाजूला झाला. ताईने डोळा लावला.

"दिसलं! दिसलं! काय सुंदर आहे रे!"

ज्यांना डोळे तपासायच्या पाटीवरची अक्षरं लागत नाहीत तेच इतक्या घाईने उत्तर देतात, हे त्याला एकतीस वर्षांत पाठ झालं होतं. खरंच दिसतं तो माणूस आधी गप्प होतो.

"ताई, उगाच माझं मन राखू नकोस. मी आरसा पुसून पुसून खराब केलाय."

"अरे, छान पिवळा गोळा दिसला की."

"आणि कडं?"

ताई दुर्बिणीपासून बाजूला सरकली. त्याने स्वतः डोळा लावला. ग्रह सरकून कडेला गेला होता, तो परत मध्यावर आणला. जरासा धूसर होता, पण कडं अगदी स्वच्छ, वेगळं दिसत होतं. रेघांनी फारसं काही बिघडलं नव्हतं! त्याचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा बाहेर आला.

"कुठल्या डोळ्याने बघितलंस?"

"उजव्या."

"आता डावा लाव."

ताईने डावा डोळा लावला आणि गप्प झाली. बराच वेळ गप्प. मग लहान मुलीसारखी हसली. "अगंबाई! टोपी घातलीय त्याने!" तिने पुन्हा उजवा लावून पाहिला, पुन्हा डावा. हसू ओसरलं. "या डोळ्याला नुसता धूर दिसतोय रे."

"कधीपासून?"

"कुणास ठाऊक. दोन्ही उघडे असले की सगळं दिसतंच. वाचायला रस्त्यावरचा तयार चष्मा आणते. म्हटलं, तुझ्या दुकानात कायम गर्दी, तुला कशाला त्रास."

त्याला स्वतःचा भयंकर राग आला. साऱ्या गल्लीचे डोळे तपासले, हिला मात्र एकदाही खुर्चीत बसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान तासभर आधी उघडलं. ताईला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर ठेवली, एक भिंग घातलं, मग दुसरं. मोतीबिंदू असणार हे त्याला कळलं होतं, डॉक्टरांची वेळही त्याने घेऊन ठेवली होती. तरी त्याने रीतसर तपासायला घेतलं. 'हे चांगलं, की हे?' एवढंच विचारायचं होतं, रोज पन्नासदा विचारायचा तो. आज मात्र त्याआधी त्याने खिशातलं पिवळं फडकं काढलं आणि स्वतःचे डोळे पुसले.

"विचार की," ताई म्हणाली. "मी यावेळी खरं सांगेन."