शेवटच्या ओळीतलं नाव

सोलापुरात मी वकिलांचा कारकून होतो, तेव्हा मंद्रूपच्या बाजारात एक शाहीर स्वतःची छापील कवनं गाऊन विकायचा. रीतीप्रमाणे शेवटच्या ओळीत त्याचं नाव यायचं. ते आलं की डफ सोडून छातीवर थाप मारायचा.

शेजारच्या संस्थानात कुणीतरी तीच कवनं आपलं नाव घालून छापली. ती स्वस्त पुस्तकं इकडेही घरोघर पोचली. आमचे वकील म्हणाले, "छापणारा संस्थानातला. लेखकाच्या हक्काचा इंग्रजी कायदा तिथं चालत नाही."

संस्थानाचा स्वतःचा कायदा व्हायला फार वर्षं गेली. झाला, तसा मी मोठ्या उमेदीनं सांगायला गेलो. शाहीर गात होता. शेवटच्या ओळीत त्या चोराचं नाव आलं; हात डफावरच राहिला.

"अहो, आता तुमचं नाव घाला की!"

"घालून बगितलं, भाऊसाहेब. लोक मलाच चोर म्हणत्यात."