उपाशी ठेवल्याचा आळ

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी पेपर उघडायचो, नाहीतर आतल्या खोलीत चहा सांगायचो. आता टाळत नाही. मागच्या महिन्यात अकोल्याला धाकट्या भावाच्या बायकोची तेरवी झाली. पंगतीत माझ्या पाठीमागच्या रांगेत आमच्या मूर्तिजापूरच्या आत्याची सून बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "होती चांगली बिचारी. पन सासूले उपाशी ठेवे म्हन्तात."

मी ऐकलं आणि वरण-भात कालवत राहिलो.

तिनं माझ्या आईला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही. ठेवलं असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस मी आहे.

आई अकोल्याला भावाकडे राहायची. मी अमरावतीला, नुकताच निवृत्त झालेला. दोन महिन्यांतून एकदा एसटीनं जायचो, पिशवीत संत्री घेऊन. जेवायचो, आईजवळ तासभर बसायचो आणि चारच्या गाडीनं परत. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला थोरला मुलगा म्हणवून घ्यायचो. त्या दिवसांत आई फार वाळली होती. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मले जेवाले नाही देत रे हे. दोन दिवस झाले, चहावर आहो."

मी विश्वास ठेवला. का ठेवला तेही सांगतो, पण त्यात माझी सुटका शोधू नका. त्याच दुपारी आईनं मी तिसरीत असताना बैलगाडीवरून पडलो होतो ते सगळं सांगितलं होतं. कोणता गुडघा फुटला, त्यावर हळद कुणी दाबली, बैल कोणत्या रंगाचे होते. ज्या बाईला एवढं आठवतं ती सकाळची भाकर विसरेल कशी, असं मला वाटलं. जुनं शाबूत राहतं आणि ताजं निघून जातं, हा आईला जडलेल्या विसरण्याच्या आजाराचाच रिवाज आहे, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. न विचारणं आहे.

आणि मी तिला विचारणारच नव्हतो. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यापुढे धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं, आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. बहुतेक घरांतून हे कधीच गेलं. आमच्या घरातून गेलं नाही, कारण मला ते आवडायचं. ती चार हातांवर उभी असली तरी मी भावाला सांगायचो, तुझ्या बायकोला म्हणावं भाजीत तेल कमी टाक. याला मी मर्यादा म्हणायचो. त्यामुळे तीस वर्षांत मला तिचं म्हणणं एकदाही ऐकावं लागलं नाही. फार सोयीचं होतं ते.

मी बैठक बोलावली. तेल्हाऱ्याहून मामा आले, मूर्तिजापूरहून आत्या आली. आईला मधे बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं. आईनं तेच सांगितलं, वर रडली. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. भाऊ खाली मान घालून बसला होता. त्याचाही मला राग आहे. तो घरात राहत होता, सगळं पाहत होता, आणि थोरल्या भावापुढे त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

तेव्हा दाराआडून एक कॅलेंडर पुढे आलं. हात दिसला, चेहरा नाही. भिंतीवरचं नेहमीचं कॅलेंडर, पण प्रत्येक तारखेच्या चौकोनात कुंकवाचे दोन दोन, तीन तीन ठिपके. आई जेवली की तिच्याच अंगठ्याला कुंकू लावून भावाची बायको त्या दिवसावर ठिपका उमटवून घ्यायची. तासाभरानं आई 'मी जेवली नाही' म्हणाली की तिला तिचाच अंगठा दाखवायची. डॉक्टरनं सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. तिनं स्वतः शोधलेली युक्ती होती. आई शांत व्हायची म्हणे, कधी कधी.

हे सगळं तिनं दाराआडूनच, भावाला उद्देशून सांगितलं, आणि म्हणाली, "त्यायले म्हना, एक डाव पाहून घ्या."

मी नीट पाहिलं नाही. कॅलेंडरची गुंडाळी केली आणि भावाला म्हणालो, "तुह्या बायकोले सांग, हे नाटक बंद कर. कुंकू लावून पोट भरत नाही."

मामा हसले. हो, हसले. त्याच संध्याकाळी मी आईला अमरावतीला घेऊन आलो आणि वाटेत बडनेऱ्यापर्यंत स्वतःवर खूश होतो.

तीन आठवडे गेले. शेजारच्या बाई माझ्या बायकोकडे पूर्वीसारख्या येईनात. एक दिवस त्यांनी आईसाठी डब्यात उपमा आणला आणि माझ्या बायकोकडे न बघता थेट आईच्या हातात दिला. आईनं फाटकाजवळ उभं राहून त्यांना सांगितलं होतं की सून जेवू घालत नाही. त्या सकाळी आई दोन पोळ्या आणि वाटीभर दूध संपवून उठली होती. मीच समोर बसलो होतो.

माझी बायको त्या दिवशी रडली नाही. भांडी घासता घासता म्हणाली, "आता माह्यासाठी कवा बोलावता बैठक? का थे फक्त तिच्यासाठीच होती?"

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. जेवण विसरणं, वजन उतरणं, जवळच्या माणसावर आळ घेणं, सगळं त्या आजारात येतं असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी मान डोलावत होतो आणि मला ते गुंडाळलेलं कॅलेंडर दिसत होतं.

आम्हाला आई चार महिने झेपली. चार. मग भाऊ गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर ती होती, पदर घेतलेला. उतरली, आईचे कपडे आवरले, आईला धरून गाडीत बसवलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी फाटकाशी उभा होतो. त्यानंतर पाच वर्षं तिनं आईचं सगळं केलं. भरवणं, आंघोळ, हागणं-मुतणं. आई तिला शिव्या घालायची, ओरबाडायची. नातेवाईक केळी घेऊन यायचे, अर्धा तास बसायचे आणि आईचं ऐकून मान हलवत जायचे.

त्यांना खरं मी सांगू शकत होतो. तेल्हाऱ्याला एक फोन, मूर्तिजापूरला एक फोन. मी उलट सांगितलं की आईलाच अकोल्याची ओढ लागली, म्हणून पाठवली. पहिली चूक अज्ञानातली होती, असं एखादा म्हणेल. ही दुसरी मी पूर्ण शुद्धीवर केली.

आई गेल्यावर वर्षभरानं मी अकोल्याला गेलो, ठरवून. जेवायला बसलो तेव्हा भावाला म्हणालो, तुझ्या बायकोला एक सांगायचं आहे. त्यानं घास खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून तो म्हणाला, "तिलेच सांग ना दादा. दारामांगंच उभी हाये."

मी दाराकडे वळलो. पदराची कड दिसत होती. तिला हाक कशी मारायची हेच मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मारलीच नव्हती.

"भाजी चांगली झाली," मी म्हणालो.

थोड्या वेळानं वाटीत आणखी भाजी आली.

त्या दिवसानंतर सहा वर्षं ती जिवंत होती. अकोला शंभर किलोमीटरवर आहे. तेरवीत त्या बाईचं बोलणं ऐकूनही मी उठून उभा राहिलो नाही. तेव्हा जे लोक तिथं जेवत होते त्यांनी हे वाचावं. आणि दाराआड आता कुणी नाही तरी मी त्या दिवशी पाठ करून नेलं होतं ते असं होतं:

बाई, तू माह्या मायले उपाशी नाही ठेवलं. म्या तुह्यावर खोटा आळ घेतला, चार मानसांत घेतला. थो चार मानसांतच मांगं घेईन. मले माफ कर.